यात्रेचा हिशोब ‘जुळवून’ मागू नका

यात्रा होऊन आठ-पंधरा दिवस झाले की संध्याकाळी कुणीतरी दारात येतं. हातात कॅरीबॅग. तिच्यात चुरगळलेल्या पावत्या, मंडपवाल्याचं कच्चं बिल, सिगारेटच्या पाकिटावर लिहिलेला डिझेलचा खर्च. आणि ठरलेलं वाक्य, “तात्या, तेवढा हिशोब जुळवून द्या.” विकास सोसायटीचा सचिव म्हणून मी तीस वर्षं काढली, त्यामुळं गावाला वाटतं मला जुळवता येतं. येतं, म्हणून तर राग येतो.

आमचा खानापूर-आटपाडीचा पट्टा. गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळायचा धंदा करणारे आमच्याकडचे लोक, देशभरातून यात्रेला गावी येतात. एरवी पाणीपट्टीला रडणाऱ्या गावात चार दिवस लाखांनी रोकड फिरते, आणि ती सांभाळायला वर्षातून एकदाच हिशोबाला हात लावणारी पोरं असतात. मग चुकाही दरवर्षी त्याच.

दोन खिसे एक करणं

मैदानाचं भाडं आणि यात्रेचा कर हा ग्रामपंचायतीचा पैसा. जत्रा-उत्सवांवर कर बसवायचा अधिकार ग्रामपंचायतीला १९५८ च्या अधिनियमातल्या कलम १२४ ने दिलाय. तो पैसा ग्रामनिधीत जातो, नमुना ७ ची पावती फाडावी लागते, नमुना ५ च्या रोकडवहीत नोंद होते आणि पुढं स्थानिक निधीचा लेखापरीक्षक ती तपासतो. वर्गणी मात्र यात्रा कमिटीची. कमिटी नोंदणीकृत ट्रस्ट असेल तर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली तिचं स्वतःचं ऑडिट. नसेल तर वर्गणी मागण्याआधी कलम ४१-क ची परवानगी काढावी लागते, आणि नंतर धर्मादाय कार्यालयात हिशोबही द्यावा लागतो. हे सांगितलं की पोरं हसतात. “तात्या, देवाच्या वर्गणीला परवानगी?” हसा. सरपंच दोन्हीकडं अध्यक्ष असले तरी पैसा दोन्हीकडचा होत नाही. दोन खाती, दोन वह्या.

परस्पर खर्च

सगळ्यात जास्त वाटोळं या चुकीनं होतं, आणि ती करणारा माणूस बहुतेक वेळा सरळ असतो. स्टॉलवाल्याकडून भाडं घ्यायचं आणि तिथल्या तिथं समोर उभ्या असलेल्या मंडपवाल्याच्या हातावर ठेवायचं. बँकेत पैसा गेलाच नाही, वहीत फक्त उरलेला आला. लेखापरीक्षणात हा आक्षेप इतका नेहमीचा आहे की त्याची भाषाही पाठ झालीय : ‘जमा रक्कम बँकेत न भरता परस्पर खर्च केली.’

मी स्वतः हे केलंय, तेव्हा शहाणपणा सांगायचा हक्क आहे असं समजतो. त्या वर्षी ग्रामपंचायतीच्या शिपायाबरोबर मैदानाची वसुली माझ्याकडं होती. पाळणे, ब्रेक डान्स, खेळण्यांची दुकानं, हॉटेलं, सगळं धरून १,८६,४०० रुपये जमले. रात्री तमाशा. पहाटे वग संपला तेव्हा फडाचा मॅनेजर ट्रकपाशी उभा, पुढच्या गावाची सुपारी गाठायची घाई. बँक उघडायला अजून पाच तास. अध्यक्ष म्हणाले, “हायत की तुझ्याकडं, दे.” मी १,१५,००० मोजून एका कार्यकर्त्याकडं दिले, तो ट्रकपाशी जाऊन देऊन आला. पावती? “नंतर पाठवतो म्हणालाय.” दुसऱ्या दिवशी मी शहाण्यासारखे उरलेले ७१,४०० बँकेत भरले आणि वहीत तेवढेच लिहिले.

ग्रामसभेत मागच्या रांगेतून एक म्हातारं उठलं. “मागल्या साली भाडं एक लाख साठ हजार. औंदा पाळणं दोन जास्त, दुकानं जास्त. मग एकाहत्तर हजार कसं?” मी सगळं सांगितलं. खरं तेच सांगितलं. पण भर सभेत तोंडी खुलासा करायची वेळ आली तिथंच माणूस निम्मा गेला. दोन वर्षं पारावर माझा विषय होता. एक रुपया खाल्ला नव्हता, पण ते दाखवायला हातात कागद नव्हता.

शेवटी पुढच्या पाडव्याच्या सुमारास एस.टी.नं नारायणगाव गाठलं. तिथं फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे लोक सुपारी द्यायला येतात, त्यामुळं मॅनेजर सापडायची खात्री होती. सापडला. चहा पाजला. पावती द्यायला तयारही झाला, पण आकडा लिहिला १,०५,०००. “तेवढंच मिळालं की, तात्या.” मधले दहा हजार कुठं गेले? कार्यकर्ता म्हणतो फडाच्या जेवणाला आणि ट्रकच्या डिझेलला दिले. दिलेही असतील. त्याचीही पावती नाही. ते दहा हजार मी घरचे भरले. बायकोला अजून सांगितलेलं नाही.

तेव्हापासून माझ्या दोन पिशव्या. वसुलीची पिशवी जाड मांजरपाटाची, तिचं तोंड फक्त बँकेच्या खिडकीपाशी उघडतं. खर्चाची उचल यात्रेच्या आधी ठराव करून बँकेतून काढायची, ती दुसऱ्या पिशवीत आणि दुसऱ्या माणसाकडं. तमाशाची सुपारी, मंडप, लाइट यांना चेकच. सुट्टीमुळं बँक बंद असेल तर रोज रात्री देवळात पाच माणसांपुढं मोजणी, कागदावर आकडा, सगळ्यांच्या सह्या. “एवढा वेळ कुणाला हाय?” असं विचारणाऱ्यानं सातारा जिल्ह्यातल्या पुसेगावाच्या यात्रेकडं बघावं. सेवागिरी महाराजांच्या रथावर भाविक नोटांच्या माळा चढवतात. ती सगळी देणगी चार लोकांच्या डोळ्यांदेखत मोजतात आणि तिचा आकडा पेपरात छापून येतो. आपल्या गावात पाच माणसं तासभर बसत नाहीत होय?

पावतीपुस्तकाला वारस नसणं

पुस्तकं छापून आली की टेबलावर गठ्ठा टाकतात आणि पोरं एकेक उचलून गल्लीत पळतात. कुणी कुठलं नेलं, ठाऊक नाही. एका वर्षी आम्ही शंभर पावत्यांची तीस पुस्तकं छापली, परत आली एकोणतीस. गेलं ते सतरावं, म्हणजे १६०१ ते १७०० नंबर. ज्याच्याकडं ते होतं तो पोरगा यात्रेनंतर चुलत्याच्या गलाईच्या दुकानात तमिळनाडूला गेला होता. चोरी नव्हती, पुस्तक त्याच्या बॅगेत राहिलं होतं. पण त्या शंभर नंबरांवर गावातल्या प्रत्येकानं आपापली कथा रचली.

साध्या वहीत पाच रकाने आखा : पुस्तक नंबर, पावत्या कुठून कुठपर्यंत, कुणाला दिलं त्याची सही, परतीची तारीख, उरलेल्या कोऱ्या पावत्या. चुकलेली पावती फाडून फेकायची नाही, ‘रद्द’ लिहून पुस्तकातच ठेवायची. पुस्तक आलं नाही तोवर त्या पोराला मानाच्या कुस्तीचा फेटा बांधायचा नाही. हा नियम कुठल्या कायद्यात नाही, माझा आहे, आणि सगळ्यात जास्त तोच चालतो.

याच्या पोटातली आणखी एक चूक म्हणजे पैसे हातात नसताना पावती फाडणं. कोइमतूरहून फोन येतो, “माझं अकरा हजार लिव्हा, आल्यावर देतो.” स्पीकरवर नाव पुकारलं जातं, पावती फाटते, आणि तो त्या वर्षी येतच नाही. मग पुस्तकाची बेरीज आणि बँकेची रक्कम जन्मात जुळत नाही. कबूल केलेली वर्गणी वेगळ्या कागदावर लिहा. पुकारायचं तर पुकारा, पावती पैसे आल्यावरच.

वाटेतली जागा विकणं

ही चूक कागदावर उत्पन्न म्हणून दिसते, त्यामुळं तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. देवळाकडं जाणाऱ्या वाटेला फुटाला सगळ्यात जास्त भाव मिळतो. दरवर्षी कुणीतरी म्हणतं, “हिकडं चार दुकानं बसतील, पंचवीस हजार येतील.” २५ जानेवारी २००५ ला वाई तालुक्यात मांढरदेवच्या काळूबाईच्या यात्रेत काय झालं ते आठवा. चढाची अरुंद वाट, दोन्ही बाजूला दुकानं, चेंगराचेंगरी, मग आग. अडीचशेहून जास्त माणसं गेली, सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. म्हणून जागेचा नकाशा आधी काढा, फक्की मारून आखणी करा, वाट मोकळी सोडा, आणि त्या नकाशावर सह्या घेऊनच लिलाव लावा. नकाशात नसलेल्या दुकानाचं भाडं घेणारा माणूस उत्पन्न वाढवत नसतो. नकाशात नसलेलं दुकान बहुतेक वेळा पावतीतही नसतं, हे मी पुष्कळदा बघितलंय.

बाकीच्या

लिलावात अनामत न घेता बोली लावू देऊ नका. हौशी माणूस चढ्या भावानं बोलतो आणि सकाळी फोन बंद ठेवतो. बोलीची पूर्ण रक्कम दुकान लागण्याआधी.

“वळीव आला, धंदा बुडाला, सूट द्या,” असं दुकानवाले म्हणतात. चैत्रात हे होणारच. सूट द्यायची की नाही ते मासिक सभेच्या ठरावानं ठरतं. मैदानात पाठीवर हात टाकून सरपंचांनी दिलेली सूट म्हणजे त्यांच्या खिशातली देणगी समजावी.

खजिनदाराच्या पोराचा क्यूआर कोड चिकटवू नका. हे नवीन खूळ आहे. “खातं काढायला वेळ लागतो, तोवर माझ्यावर घ्या.” त्याच खात्यावर त्याचं दुधाचं बिल येतं आणि मोबाईलचा हप्ता जातो. वर्गणी त्यातून वेगळी काढायला मी बसतो, तो नाही.

पाळणेवाल्याकडं विजेची आणि यंत्राची तपासणी झाल्याचा कागद नसेल तर भाडं कितीही देऊ दे, त्याला परत पाठवा.

तात्पुरत्या वीजजोडणीची अनामत परत मागायला विसरू नका. महावितरण आपणहून आणून देत नाही.

शिल्लक रक्कम “पुढच्या वर्षीसाठी” खजिनदाराच्या घरी ठेवू नका. त्याला मुलीचं लग्न निघतं, आणि मग सगळ्यांचीच अडचण होते.

ग्रामसभेत हिशोब भराभर वाचून पाणी पिऊन बसणं म्हणजे हिशोब देणं नाही. एक कागद चावडीवर लावा, दुसरा देवळात. ग्रामपंचायतीच्या पैशाचा हिशोब कुणी माहितीच्या अधिकारात मागितला तर तीस दिवसांत द्यावाच लागतो, मग आधीच भिंतीवर लावायला लाज कसली? यंदाच्या कमिटीनं लावला. चार दिवसांत त्यावर बैलगाडा शर्यतीचं पोस्टर चिकटलं. मी तेवढं खरवडून काढलं आणि हिशोबाच्या कागदाला चारही कोपऱ्यांना खिळे मारले.