लिबव्हर्टमधील दुय्यम ड्रायव्हर स्वतंत्रपणे कसे वापरावेत

लिबव्हर्ट म्हणजे आभासी यंत्रे सांभाळणारी सॉफ्टवेअर लायब्ररी. तिच्या ४.१.० आवृत्तीपासून हायपरव्हायझरला (आभासी यंत्रे चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला) न जोडताही दुय्यम ड्रायव्हर, म्हणजे नेटवर्क, स्टोरेज यांसारखी पूरक कामे करणारे भाग, थेट उघडता येतात. वर्श (virsh, लिबव्हर्टचे कमांड-लाइन साधन) चालवताना जोडणीच्या पत्त्यात क्यूईएमयू (qemu) या हायपरव्हायझरच्या नावाऐवजी ‘स्टोरेज’ किंवा ‘नेटवर्क’ लिहावे आणि पुढचा ‘सिस्टम’ हा भाग तसाच ठेवावा.

सर्वाधिक उपयोग नेटवर्क ड्रायव्हरचा होतो, कारण एकही आभासी यंत्र नसताना तो ब्रिज (यंत्रांना एकत्र जोडणारा आभासी स्विच) उभारतो आणि डीएनएसमास्क (dnsmasq) या प्रोग्राममार्फत आयपी पत्ते वाटतो. मूळ नेटवर्कमध्ये सहसा १९२.१६८.१२२ ने सुरू होणारे पत्ते दिसतात, आणि या ब्रिजला कंटेनरही जोडता येतात. स्टोरेज ड्रायव्हरने पूल (साठवणुकीच्या जागा) व व्हॉल्यूम (त्यांतील आभासी डिस्क) आधीच तयार करून ठेवता येतात. नेटवर्क फिल्टर ड्रायव्हरचे, म्हणजे नेटवर्कवरील रहदारी गाळणारे, नियम मात्र आभासी यंत्राच्या इंटरफेसलाच लागू होत असल्याने तो ड्रायव्हर एकटा वापरण्यात माझ्या मते फारसा अर्थ नाही.