ईसीएचएसचं कार्ड: एका हवालदाराच्या बायकोचा अनुभव

आमचे हे हवालदार म्हणून रिटायर झाले. सोलापुरात आल्यावर गॅस, रेशन, शाळेचे दाखले सगळं केलं आणि ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिक आणि त्यांच्या कुटुंबासाठीच्या सरकारी आरोग्य योजनेचं, कार्ड काढायचं राहून गेलं. तुम्ही तसं करू नका. नोकरीत असेपर्यंत मिलिटरी हॉस्पिटल असतं, पेन्शन लागली की ही योजना. हवालदारापर्यंत वर्गणी एकदाच, ३०,००० रुपये, तीही रिटायर होतानाच कापतात. पण पैसे कापले म्हणजे कार्ड झालं असं नाही, अर्ज आपणच भरायचा.

अर्जाआधी पीपीओ (पेन्शन मंजुरीचा कागद) आणि आधार शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून बघा. पीपीओवर माझ्या नावापुढे 'बाई' लागलेलं, आधारवर नाही. एवढ्या दोन अक्षरांपायी लष्कराच्या रेकॉर्ड ऑफिसशी सात महिने पत्रव्यवहार चालला. जन्मतारखेचंही तेच. अडलात तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, तिथे अर्ज कसा लिहायचा ते सांगतात.

मुलाला पंचविशी, लग्न किंवा कमाई यांतलं जे आधी होईल तोपर्यंत, मुलीला लग्न किंवा नोकरी होईपर्यंत लाभ मिळतो. आई-वडिलांचं नाव घालायचं तर त्यांचं महिन्याचं उत्पन्न ९,००० रुपये अधिक महागाई भत्ता यांच्या आत हवं. नवरा गेला तरी फॅमिली पेन्शन घेणाऱ्या बाईचं कार्ड बंद होत नाही. हे आपल्या बायकांनी पक्कं लक्षात ठेवा.

एरवी आधी पॉलिक्लिनिक, म्हणजे ईसीएचएसचा दवाखाना, तिथल्या डॉक्टरांचं रेफरल (पुढे पाठवण्याची चिठ्ठी), मग योजनेच्या यादीतलं हॉस्पिटल. रेफरल नसेल तर बिल आपल्याच माथी.

इमर्जन्सीत मात्र रेफरलसाठी थांबू नका. रात्री दोनला ह्यांच्या छातीत कळ आली, रिक्षावाल्याने जे जवळचं हॉस्पिटल होतं तिथे नेलं. ते यादीत नव्हतं. मी कार्डाची झेरॉक्स घेऊन सकाळी पॉलिक्लिनिकच्या दारात उभी राहिले, कारण यादीबाहेरच्या हॉस्पिटलात दाखल केलं तर ४८ तासांत कळवावं लागतं. पैसे मिळाले, पण सीजीएचएसच्या, म्हणजे केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेच्या, दरानेच. वरचा फरक आम्ही भरला.

डिस्चार्ज कार्ड, इमर्जन्सीचा दाखला, औषधांची प्रत्येक पावती मूळ स्वरूपात मागून घ्या. जमा करायच्या आधी सगळ्याची झेरॉक्स काढा, मूळ कागद परत हातात येत नाहीत.