मेट्रोचं अख्खं जाळं एका दमात: खान्देशातून निघताना या चुका टाळा

एखाद्या शहरातल्या मेट्रोची सगळी स्थानकं कमीत कमी वेळात पालथी घालायची, असा एक खेळ आहे. आपल्याकडे मेट्रो नाही, पण ज्याने चाळीसगाव-धुळे गाडीने प्रवास केलाय त्याला या खेळाचं मर्म लगेच कळेल. धुळ्यापर्यंत गेलं की त्याच रुळांवरून चाळीसगावला माघारी यावं लागतं. मेट्रोच्या नकाशातही अशा शेपट्या असतात आणि वेळ खातात त्या याच.

पुण्यापासून सुरुवात करा. तिथे दोन मार्ग, चार टोकं आणि अदलाबदलीचं स्थानक एकच, जिल्हा न्यायालय. जळगावहून पुणे जंक्शनला उतरलेला माणूस समोरच्याच मेट्रो स्थानकातून घड्याळ सुरू करतो आणि पहिली चूक तिथेच होते. ते स्थानक रामवाडीच्या शेपटीत मध्येच आहे, म्हणून पुणे स्टेशन ते रामवाडी हा तुकडा विनाकारण दोनदा करावा लागतो. त्याऐवजी लोणावळा लोकलने पिंपरी गाठा आणि पीसीएमसी स्थानकातून निघा. थेट स्वारगेट, तिथून माघारी न्यायालय, मग वनाझ, शेवटी सरळ रामवाडी. दोनदा जायचंच असेल तर ते आखूड शेपटीवर जावं. सर्वांत आखूड स्वारगेटची, सर्वांत लांब पिंपरीची, म्हणून लांब टोकावरून सुरुवात.

दिल्लीत हेच गणित कैक पटींनी अवघड होतं. एप्रिल 2021 मध्ये शशांक मनू यांनी तिथली 286 स्थानकं 15 तास 22 मिनिटं 49 सेकंदांत पूर्ण केली आणि गिनीजने तो विक्रम मान्य केला. त्यानंतर जाळं वाढलंय, त्यामुळे जुना आराखडा उचलून तसाच वापरू नका.

दिल्लीत हमखास फसायची जागा म्हणजे यमुना बँक. निळा मार्ग तिथे फुटतो, एक फाटा वैशालीकडे, दुसरा नोएडाकडे. घाईत समोर आलेल्या गाडीत शिरू नका, पाटी वाचा. चुकून चढलातच तर पुढच्याच स्थानकावर उतरून मागे या. वैशालीचा फाटा आनंद विहारला गुलाबी मार्गाला भेटतो, तेव्हा या दोघांची सांगड आधीच कागदावर घाला. धौला कुआँला विमानतळ मार्गावरून गुलाबी मार्गावर जाताना लांबलचक पादचारी पूल ओलांडावा लागतो. नकाशावर तो ठिपक्याएवढा दिसतो, म्हणून पुष्कळांच्या वेळापत्रकात त्याला जागाच नसते.

जिन्याजवळचा डबा धरणं चांगलं, मात्र दिल्लीत गाडीच्या दिशेने पहिला डबा महिलांसाठी राखीव असतो. शेवटच्या स्थानकावर गाडी उलटी फिरली की राखीव डबाही दुसऱ्या टोकाला जातो. पुरुषांनी आपली जागा त्याप्रमाणे ठरवावी.

साध्या तिकिटावर आत किती वेळ राहता येतं याला मर्यादा आहे, त्यापुढे दंड. दिल्लीत दिवसभराचं पर्यटक कार्ड घ्या.

नातेवाइकांसाठी भरताची वांगी आणि केळीचे वेफर घेतले असतील तर ते आधी पोहोचते करा. दिल्लीत प्रत्येक प्रवेशाला सामानाची तपासणी होते आणि मोठी पिशवी दर वेळी रांगेत अडकते. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी जरूर न्या, दिवसभर टिकतात. गाडीत खायला मनाई आहे, तेव्हा बाहेर पडावंच लागेल अशा ठिकाणी दहा मिनिटं राखून ठेवा.

विक्रमासाठी जात असाल तर गिनीजचे नियम आधी वाचा. उदाहरणार्थ, लंडनच्या भुयारी रेल्वेच्या विक्रमात गाडी प्रत्येक स्थानकावर थांबावी लागते, न थांबता पुढे गेलेलं स्थानक धरत नाहीत. दोन स्थानकांमध्ये चालता, पळता किंवा सार्वजनिक बसने जाता येतं. रिक्षा, टॅक्सी, सायकल चालत नाही. ‘रिक्षाने पटकन जाऊ’ म्हणणारा मित्र सोबत असेल तर त्याला हे घरूनच सांगून ठेवा. स्थानकाचं नाव, पोहोचल्याची आणि निघाल्याची वेळ जागच्या जागी वहीत लिहा. मोबाइलची बॅटरी संध्याकाळपर्यंत टिकेलच असं नाही.

परतीचं रिझर्व्हेशन त्याच रात्रीचं काढू नका. निजामुद्दीन रेल्वे स्थानकाच्या शेजारीच गुलाबी मार्गाचं स्थानक आहे, म्हणून मोह होतो. पण एक गाडी चुकली की शेवटची स्थानकं सोडून पळावं लागतं. तिकीट दुसऱ्या दिवशीचंच घ्या.