फिल्म की जुना डिजिटल? तुलना करताना या चुका टाळा

जुन्या निगेटिव्हचा स्कॅन आणि २००३-०४ मधल्या डिजिटल कॅमेऱ्याची फाइल शेजारी लावली की फिल्म फिकी वाटते. बहुतेक वेळा दोष फिल्मचा नसतो, स्कॅनचा असतो.

सर्वांत मोठी चूक म्हणजे लॅबने सीडीवर दिलेला स्कॅन हाच फिल्मचा दर्जा मानणे. ती फाइल अनेकदा १५३६ × १०२४ ची, म्हणजे जेमतेम दीड मेगापिक्सेलची असते. कॅनन ३००डी हा डिजिटल कॅमेरा (२००३) मात्र ३०७२ × २०४८ देतो. ३६ × २४ मिमीची फिल्मची तीच फ्रेम २४०० डीपीआयला (दर इंचाला २४०० ठिपके) स्कॅन केली, तर सुमारे ३४०० × २२७० पिक्सेल मिळतात.

फ्लॅटबेड (सपाट काचेच्या) स्कॅनरच्या खोक्यावरच्या ६४०० डीपीआयला मात्र भुलू नका. एक फ्रेम २४०० आणि ४८०० ला स्कॅन करा, लहान फाइल दुप्पट करून दोन्ही १०० टक्क्यांवर बघा. बारकावे सारखेच असतील, तर २४०० पुरे. कडा स्पष्ट आणि मध्यभाग मऊ आला, तर निगेटिव्हच्या पट्टीला बाक आहे. जाड पुस्तकाखाली दोन दिवस दाबून ठेवा.

सांगलीच्या मार्केट यार्डातली उन्हातली हळदीची रास ही खरी कसोटी. जुन्या डिजिटलच्या जेपेगमध्ये तांबडा चॅनेल (लाल रंगाची नोंद) आधी कमाल मर्यादेपर्यंत भरतो आणि रास सपाट पिवळी होते, हळकुंडं वेगळी दिसत नाहीत. ३००डीचा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) तिन्ही रंगांचा एकत्रित असल्याने हे तिथे कळतही नाही. म्हणून फिल्म आणि डिजिटल दोघांना एकच एक्स्पोजर देणं अन्यायाचं आहे: डिजिटलला एक स्टॉप कमी (म्हणजे निम्मा प्रकाश) द्या, शक्यतो रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा, कलर निगेटिव्हला एक स्टॉप जास्त दिला तरी ती सहज पचवते. स्कॅनरचा ऑटो कलरही बंद हवा. सगळी फ्रेम पिवळी दिसली की तो तिला रंगदोष समजून निळ्याकडे ओढतो, आणि ठपका फिल्मवर येतो.

पारंपरिक कृष्णधवल निगेटिव्हवर स्कॅनरची इन्फ्रारेड धूळ-सफाई लावू नका. त्यातली चांदी इन्फ्रारेड अडवते, मशीन तिलाच धूळ समजून बारकावे पुसून टाकतं. तिथे ब्लोअर आणि मऊ ब्रशच बरा. निगेटिव्हवर जाळीसारखे डाग दिसले तर ती बुरशी. साताऱ्याच्या पश्चिमेकडच्या पावसात ती लवकर धरते. पाकिटं सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवा.

निकाल स्क्रीनवर लावू नका. दोन्ही फाइलींचे ८ × १२ इंची प्रिंट एकाच लॅबमधून, करेक्शन न करता काढून घ्या.