गाडी स्टार्ट होत नाही? निदान या चुका तरी टाळा

"गाडी चालू होईना, लगेच या." असा फोन आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: किल्ली फिरवल्यावर आवाज कसा येतो? समोरून उत्तर येतं, "आवाजाचं काय माहीत नाही, पण बॅटरीच गेलीय." कानाचा पत्ता नाही आणि निदान तयार. साताऱ्यात थंडीचे दिवस आले की सकाळी सकाळी हेच ऐकत बसावं लागतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, काहीही झालं तरी बॅटरीवर खापर फोडायचं. अहो, आधी ऐका. टकटकटक असा भराभर आवाज आला आणि मीटरचे दिवे मिणमिणले, तर सेल्फला, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणाऱ्या मोटरला, पुरेसा करंट मिळत नाही. बॅटरी उतरलीय किंवा कुठेतरी जोड ढिला आहे. दिवे लख्ख, पण एकदाच जोरात 'टक' होऊन सगळं गप्प, तर संशय सेल्फवर. आणि सेल्फ मस्त फिरतोय, इंजिन पकडत नाही, तर बॅटरीला हातसुद्धा लावू नका. तिथं डिझेल-पेट्रोल, स्पार्क, सेन्सर, इमोबिलायझर (चोरी रोखणारं इलेक्ट्रॉनिक कुलूप) यांपैकी कुणीतरी रुसलेलं असतं.

कोडोलीचे एक गृहस्थ नवीकोरी बॅटरी टाकूनही रोज सकाळी टकटक ऐकत होते. बॅटरीवाल्यानं फसवलं म्हणून त्याच्याशी भांडायला निघालेले, वाटेत शेजाऱ्यानं माझा नंबर दिला. व्होल्ट मोजायचा मीटर लावला, बॅटरी ठणठणीत. टर्मिनलही घट्ट. मग जंपरची, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीतून करंट घ्यायच्या जाड वायरींतली, काळी केबल घेतली, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं थेट इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावलं. म्हटलं, मारा सेल्फ. पहिल्या फटक्यात गाडी चालू! गिअरबॉक्सवरून बॉडीला येणारी अर्थिंगची पट्टी, करंटचा बॅटरीकडे परतीचा रस्ता, गंजून दोन-चार तारांवर लोंबकळत होती. जुनी बॅटरी तर बदलून देऊन बसले होते, आणि ती बहुधा चांगलीच होती. एका पट्टीपायी हजारो रुपये पाण्यात.

एक साधा डिजिटल मीटर घेऊन ठेवा, दोन-तीनशे रुपयांत मिळतो. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर 12.6 व्होल्टच्या आसपास दिसले तर ती भरलेली, 12.2 म्हणजे साधारण निम्मी, 12 च्या खाली म्हणजे उतरलेली. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली कोसळला तर बॅटरी थकलीय. इंजिन चालू केल्यावर बहुतेक गाड्यांत तो 13.8 ते 14.5 च्या दरम्यान हवा. बारावरच अडकला, तर अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा) किंवा त्याचा पट्टा बघा, नाहीतर नवी बॅटरीही आठवड्यात झोपेल.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली की लोक पेट्रोल ओततात. नको हो! खाण्याचा सोडा, गरम पाणी, जुना ब्रश, झालं. कोरडं करून वर थोडं व्हॅसलीन. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना आधी पॉझिटिव्ह. आणि बॅटरीवर वाकताना तोंडात विडी नको, तिच्यातून हायड्रोजन निघतो.

आता जंपर. कासला फुलांचा हंगाम असला की माझं डोकं फिरतं. यवतेश्वरच्या घाटात धुकं, म्हणून हेडलाइट लावलेले, वर पोचल्यावर फोटोच्या घाईत ते तसेच चालू. दोन-तीन तासांनी परत येतात तर गाडी मेलेली. अशीच एक गाडी माझ्याकडे टोचन करून आली. मदतीला चार पोरं धावली होती, सगळ्यांनी मोबाइलवर व्हिडिओ पाहिलेला. बॅटरीवरचं प्लस-मायनस चिखलानं भरलेलं, ते पुसून बघायला कुणाला सवड नव्हती. केबल उलट्या लावल्या. मोठी ठिणगी, जळका वास, मेन फ्यूज गेला, अल्टरनेटरचे डायोडही गेले. चिखल पुसायला अर्धा मिनिट लागला असता.

क्रम असा: लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनवरच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. मदतीची गाडी पाचेक मिनिटं चालू ठेवा, मग सेल्फ मारा. काढताना उलट क्रम.

चालू गाडीचं टर्मिनल काढून अल्टरनेटर तपासणारे 'जुने जाणते' अजून भेटतात. डायनॅमोच्या जमान्यातली ती करामत आजच्या गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जाळू शकते. माझ्या गॅरेजमध्ये असं करणाऱ्याला मी चहासुद्धा देत नाही.

किरकोळ गोष्टी, ज्यांसाठी मला उगाच पळवतात: क्लच पूर्ण दाबलेला नाही. ऑटोमॅटिकचा लिव्हर डी मध्येच आहे, किंवा ब्रेकवर पाय नाही. बटणवाल्या गाडीच्या रिमोटचा सेल संपलाय. तेव्हा रिमोटच बटणाला टेकवून बघा, बऱ्याच गाड्या घेतात. डिझेलचा हीटरचा दिवा विझायच्या आत सेल्फ. ऑटोमॅटिकला धक्का मारत चौकभर घाम गाळणं.

सेल्फ पाच-सात सेकंदांच्या वर दाबून धरू नका. थांबा, अर्धा मिनिट जाऊ द्या, मग पुन्हा. घाईत दाबून दाबून सेल्फही जळतो आणि बॅटरीही बसते, मग एका दुखण्याची तीन होतात.

पाण्यात बुडालेल्या गाडीला मात्र किल्लीच लावू नका. 2019 च्या पुरानंतर सांगलीत कित्येकांनी "बघू तरी" म्हणत सेल्फ मारला. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. वर साध्या विम्यात असा इंजिनचा खर्च बहुधा बसत नाही, त्याला वेगळं इंजिन प्रोटेक्शन घेतलेलं लागतं. निगेटिव्ह काढा, फोटो काढा, टोचन बोलवा.

राहिले उंदीर. शेताकडेला उभ्या गाडीत ऊसतोड झाली की हमखास शिरतात. बॉनेटमध्ये तंबाखूची पुडी ठेवणारे खूप आहेत, ठेवा, पण गाडी दोन-चार दिवसांनी हलवत राहा. आणि कुरतडलेल्या वायरीला नुसती चिकटपट्टी गुंडाळून माझ्याकडे आणू नका. सोल्डर करून वर स्लीव्ह चढवायची, नाहीतर पहिल्या पावसात पुन्हा तेच.