साठीनंतर वजन आणि ताकद : बागेतल्या आठ-दहा जणांनी मिळून कसं सांभाळायचं

नागपुरात सकाळी फिरणाऱ्यांची कमी नाही. अंबाझरी घ्या, ट्रॅफिक पार्क घ्या, सक्करदरा नाहीतर फुटाळा, पहाटेपासून माणसं दिसतात. तरी वर्षानुवर्षं फिरून पोट तेवढंच आणि गुडघे आणखी वाईट, अशीही पुष्कळ असतात. कारणं दोन. एक, नुसतं चालून पायांची ताकद राहत नाही. दुसरं, चार दिवस खंड पडला की आपल्याला विचारणारं कोणी नसतं. ओळखीच्या आठ-दहा जणांचा गट दोन्हीवर इलाज करू शकतो. मात्र तो नीट बांधावा लागतो, नाहीतर महिन्याभरात त्याचा पोहे-चहाचा कट्टा होतो.

आधी वजनाबद्दल एक गोष्ट

साठीनंतर स्नायू आपोआप झिजतात. उपास करून, एक वेळ जेवण सोडून वजन उतरवलं की चरबीबरोबर स्नायूही जातात. पुढं वजन परत चढतं तेव्हा येते ती बहुतेक चरबीच. म्हणून या वयात वजन हळू उतरवायचं, आठवड्याला पाव किलो, फार तर अर्धा किलो. सत्तर किलोच्या माणसानं सहा महिन्यांत साडेतीन किलो कमी केलं तरी साखर, रक्तदाब आणि गुडघे तिन्हींना फायदा होतो. एक किलो उतरलं की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी हलका होतो.

प्रत्येकानं वजन कमी करायची गरजही नाही. पंचाहत्तरीतल्या सडपातळ काकूंनी गटात यावं ते ताकदीसाठी आणि तोल सांभाळण्यासाठी. काही न करता सहा महिन्यांत ६० चं ५७ झालं असेल, तर त्या माणसाचं अभिनंदन करू नका, त्याला डॉक्टरकडं पाठवा.

गट बांधताना

दहा-बारा जणांना सांगा, रोज सहा ते आठ येतील, तेवढे पुरे. सुरू करण्याआधी प्रत्येकानं आपल्या डॉक्टरला विचारावं. हृदयाचा त्रास, अलीकडं झालेलं ऑपरेशन, चक्कर, पडल्याचा इतिहास असेल तर विचारल्याशिवाय सुरूच करू नये.

मग जोड्या लावा. एकाच गल्लीतले, साधारण सारख्या वेगानं चालणारे दोघं. नवरा-बायकोची जोडी शक्यतो लावू नका. घरात आधीच 'साखर कमी घ्या', 'तेल किती टाकलं' चालू असतं. त्यात बागेतली उजळणी आली की दोघांतलं एक जण यायचं बंद होतं.

जोडीचा नियम एकच, पण कडक. उद्या येणार नसाल तर आदल्या रात्री नऊपर्यंत कळवायचं. न कळवता कोणी आलं नाही, तर गट सुटायच्या आधी जोडीदारानं फोन करायचा. फोनवर 'काऊन नाही आले?' असा जाब नको. 'काकाजी, बरं आहे नं?' एवढं पुरतं. मुलं पुण्याला, बेंगळुरूला नाहीतर परदेशात आणि घरी एकटं माणूस, अशी घरं आपल्याकडं गल्लोगल्ली आहेत. एकट्या राहणाऱ्यानं दोनदा फोन उचलला नाही तर शेजाऱ्याला फोन लावायचा आणि जोडीदारानं घरी जाऊन यायचं. शेजाऱ्याचा नंबर म्हणूनच पहिल्याच दिवशी लिहून घ्यायचा. बाथरूममध्ये पडलेलं माणूस अर्ध्या तासात सापडणं आणि संध्याकाळी सापडणं यात फार फरक पडतो.

पहिल्या दिवसाची मोजणी

एक शंभर पानी वही, शिवणकामाची टेप, घड्याळ आणि साधारण ४३ ते ४५ सेंटीमीटर उंचीची, हात नसलेली खुर्ची घ्या. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. प्लॅस्टिकची खुर्ची टाइल्सवर मागं सरकते आणि माणूस खाली बसतो, हा अपघात हमखास होणारा आहे.

दोन्ही हात छातीवर घडी, पाय खांद्याएवढे रुंद, तळवे जमिनीवर. तीस सेकंदांत पूर्ण उभं राहून पूर्ण बसायचं, किती वेळा जमलं ते मोजायचं. ६५ ते ६९ वयात पुरुषाचे १२ पेक्षा कमी आणि बाईचे ११ पेक्षा कमी झाले तर पाय कमजोर समजा. सत्तर ते चौऱ्याहत्तरमध्ये हाच आकडा १२ आणि १० आहे. हाताचा आधार घ्यावाच लागला तर शून्य लिहा. शून्यावरून पाचवर येणं ही मोठी मजल आहे.

मग तोल. एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या अंगठ्याला लावून सरळ रेषेत उभं राहायचं, शेजारी जोडीदार हात पसरून. दहा सेकंद टिकलं नाही तर पडण्याची शक्यता जास्त आहे, अशा माणसाला चालताना रस्त्याच्या कडेला नाही, आतल्या बाजूला ठेवा.

कंबर मोजताना पँटच्या पट्ट्याची जागा धरू नका. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप, श्वास सोडून. पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटीमीटरच्या वर गेलं की पोटावर काम करायचं आहे असं समजा.

वजन आठवड्यातून एकदाच. शनिवारी सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर, हलक्या कपड्यात. काटा सतरंजीवर ठेवला की चुकीचं दाखवतो, फरशीवरच हवा. लग्नाच्या जेवणानंतर, लोणचं-पापड जास्त झाल्यावर किलो-दीड किलो वाढलेलं दिसतं, ते बहुतेक पाणी असतं. चार शनिवारचे आकडे एकत्र पाहिल्याशिवाय काही ठरवू नका. हृदय कमजोर असलेल्या माणसाचं मात्र दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं आणि पायावर सूज आली, तर त्याच दिवशी डॉक्टरकडं.

हे वजन जोडीदारापुरतंच ठेवायचं. सगळ्यांसमोर काटा वाचला की ज्यांचं वाढलंय ते पुढच्या शनिवारी येत नाहीत. गटात मोठ्यानं सांगायचे आकडे दोनच, खुर्चीचे आणि हजेरीचे.

रोजचा तास

पाच मिनिटं जागच्या जागी पाय उचलणं, घोटे आणि खांदे फिरवणं. मग २५-३० मिनिटं चालणं. वेग असा की शेजारच्याशी बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. गप्पा अगदी आरामात चालल्या असतील तर वेग कमी पडतोय. आठवड्याला १५० मिनिटांचं चालणं हे किमान धरा.

आठवड्यातून दोन-तीन दिवस, एकाआड एक, ताकदीचे व्यायाम. खुर्चीवरून उठणं ८ ते १० वेळा, खुर्चीची पाठ धरून टाचा उचलणं १० ते १५, भिंतीला हात लावून दंड ८ ते १०, पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटल्या दोन्ही हातांत घेऊन कोपर मागं खेचणं १०. सगळ्याच्या दोन फेऱ्या, मध्ये मिनिटभर थांबून. शेवटची दोन आवर्तनं जड गेली पाहिजेत, नाहीतर स्नायूला काही कळतच नाही. दोन्ही फेऱ्यांत १२ सहज व्हायला लागले की आकडा वाढवू नका, बसताना तीन मोजत हळू बसा. ते जमलं की बाटली लिटरची.

उठताना चुका होतात त्या अशा. पाय फार पुढं असतात, त्यामुळं माणूस झोका घेऊन उठतो. तळवे गुडघ्याच्या किंचित मागं घ्या, नाक पायाच्या बोटांवर येईल इतकं पुढं वाका आणि मग उठा. गुडघे आत वळतात, विशेषतः बायकांत. जोडीदारानं समोर उभं राहून तेवढंच पाहायचं. आणि उठताना श्वास कोंडतात, त्यानं रक्तदाब चढतो. उठताना मोठ्यानं आकडा म्हणा, श्वास आपोआप सुटतो.

दुसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्या तर घाबरायचं कारण नाही. गुडघा सुजला किंवा दुसऱ्या सकाळीही सांधा दुखत राहिला, तर आवर्तनं निम्मी करा आणि खुर्चीवर जाड उशी ठेवून उंची वाढवा. तोलासाठी रोज शेवटी भिंतीजवळून टाच-अंगठा लावत दहा पावलं, दोनदा.

ताटात काय

या वयात जेवणात पहिलं कमी पडतं ते प्रोटीन. किलोमागं १ ते १.२ ग्रॅम हवं, म्हणजे ६० किलोच्या माणसाला दिवसाचे ६० ते ७२ ग्रॅम. चहा-टोस्टच्या नाश्त्यात ते जवळपास नसतंच आणि पातळ वरणाच्या वाटीत डाळ असते जेमतेम दोन चमचे. सकाळी अर्धी वाटी मूगडाळीची दोन धिरडी आणि पेलाभर दूध, दुपारी दोन पोळ्यांबरोबर घट्ट वरणाची भरलेली वाटी आणि दही, चार वाजता मूठभर फुटाणे, रात्री एक ज्वारीची भाकर, उसळ किंवा दोन अंडी आणि ताक, एवढ्यात साठच्या जवळ पोचता येतं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा हिशोब डॉक्टरच ठरवतील.

कमी करायचं ते तेल आणि साखर. दोन चमचे साखरेचे चार चहा म्हणजे दिवसाला साधारण ४० ग्रॅम साखर नुसती कपातून. तेलासाठी महिन्याचं माप सोपं पडतं. घरात किती पिशव्या लागल्या त्याला माणसांनी भागा, माणशी अर्ध्या लिटरच्या बरंच वर गेलं तर फोडणी कमी करायची.

तर्री पोहे बंद करा असं नागपुरात कोणाला सांगू नये, ते कोणी ऐकणार नाही आणि लपून खाणं सुरू होईल. गटाचा दिवस ठरवा, महिन्यातला दुसरा रविवार. दोघांत एक प्लेट, तर्री वरचा तवंग बाजूला सारून चण्यासकट घ्यायची, शेव नको. फिरून झालं की रोजच टपरीकडं वळणारे पाय हे वजन न उतरण्याचं सगळ्यात साधं कारण आहे. सावजीचं जेवण असेल त्या दिवशी दुपारीच उरकून घ्या, रात्री ताक-भाकर.

शनिवारी जोडीदाराचं वजन वाढलेलं दिसलं तर 'काय खाल्लं?' विचारू नका. 'या आठवड्यात रात्रीचं जेवण किती वाजता होत होतं?' असं विचारा. माणूस खरं बोलतो, आणि पाहुणे आले, झोप झाली नाही, पाय दुखला, ही खरी कारणं बाहेर येतात.

गोळ्या आणि धोके

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यानं उपाशीपोटी येऊ नये. अर्धं केळ तरी खावं. हात थरथरणं, दरदरून घाम, बोलताना गोंधळ दिसला की लगेच तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटं थांबून बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढीच, आणि मग काहीतरी खायला द्या. साखरेची पुडी गटातल्या दोघांच्या खिशात कायम हवी. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा. छातीत दाब, जबडा किंवा हात भरून येणं, अचानक दम, तेव्हाही 'गॅस असेल' म्हणत बाकावर बसवून ठेवू नका, तोच १०८.

तीन-चार किलो वजन उतरलं की रक्तदाबाची आणि साखरेची जुनी मात्रा जास्त होऊ शकते. उठल्यावर डोळ्यांपुढं अंधारी येऊ लागली तर ती अशक्तपणा समजून सोडून देऊ नका, डॉक्टरला वजन कमी झाल्याचं सांगून मात्रा तपासून घ्या. स्वतः गोळी बंद करायची नाही आणि गटात कोणी कोणाची गोळी बदलायची नाही. कोणी पावडर, काढा, डबे विकायला लागलं तर पहिल्याच दिवशी स्पष्ट नाही म्हणा. पुढं ते नात्यांवर येतं.

आपला उन्हाळा

मे महिन्यात साडेपाचच्या सुमारास उजाडतं, आठपर्यंत ऊन चटके देऊ लागतं. एप्रिलपासून साडेपाच ते साडेसहा हीच वेळ धरा. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, चालणं निम्मं करून खुर्चीचे व्यायाम कोणाच्या तरी हॉलमध्ये कूलरपुढं करा. निघण्याआधी पेलाभर पाणी, आल्यावर ताक. लघवी जास्त होणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि पाण्याचं माप ठरवून दिलेल्यांनी उन्हाळा लागताच डॉक्टरला विचारून घ्यावं. पन्हं गुणाचं आहे, पण त्यातला गूळही मोजा.

पावसाळ्यात पेव्हर ब्लॉकवर शेवाळ धरतं, तेव्हा इमारतीखालचं पार्किंग बरं. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो आणि थंडीत रक्तदाब चढतो. सूर्य वर आल्यावर, सव्वासातनंतर निघा, अंग घरातच गरम करून घ्या, कान झाका.

गट तुटतो तो बहुतेक लांबच्या खंडानं. कोणी तीन महिने मुलाकडं जातं, कोणाला ताप येतो, कोणाचा गुडघा बदलतात. गेलेल्या माणसाशी जोडीदारानं दर शनिवारी फोनवर बोलावं, आकडे विचारावे. तापातून उठलेल्यानं पहिला आठवडा निम्मंच चालावं. ऑपरेशननंतर परतलेल्याची मोजणी नव्यानं करा, जुन्या आकड्यांखाली रेघ ओढून नवी तारीख टाका, आणि त्या शनिवारी वही त्यांच्या घरी घेऊन जा.