बाळाला पातळ शी होतेय? आधी लिटरची बाटली शोधा

आशाताई म्हणून वस्तीवर फिरताना मला बारा वर्षं झाली. पावसाळा लागला की तान्ह्यांना जुलाब ठरलेलेच. "दात येतायत, होतंच" म्हणत घरचे दोन दिवस काढतात, याचा मला फार राग येतो. कारण काहीही असो, अंगातलं पाणी जातंय ना? मग ते आधी भरून काढा.

गेल्या आषाढात एका घरी गेले. पोर नऊ महिन्यांचं. आई पेलाभर पाण्यात अंदाजाने दोन चमचे ओआरएस (जुलाबात पाण्यात कालवून पाजायची मीठ-साखरेची पावडर) घालायची, उरलेल्या पुडीला रबर लावून डब्यात ठेवायची. मी चाखून बघितलं, नुसतं खारट! असं घट्ट पाजलं तर मीठ जास्त जातं आणि बाळाचं आणखी बिघडतं. म्हणून मोठी पुडी एका वेळी सगळी, पूर्ण एक लिटर पाण्यात. विकतच्या पाण्याची रिकामी बाटली मापाला चांगली. छोटी पुडी 200 मिलीची असते, त्यामुळे पुडीवरचं वाचाच. पाणी उकळून गार केलेलं घ्या. 24 तासांनी उरलेलं ओतून द्या.

दर पातळ शीनंतर 50 ते 100 मिली, वाटी-चमच्याने, मिनिटाला एखादा चमचा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा, मग आणखी सावकाश पाजा. अंगावरचं दूध तोडू नका, उलट जास्त वेळा पाजा. वरचं खाणारं बाळ असेल तर मऊ खिचडी, डाळ-भात, केळं चालू ठेवा. जुलाब बंद करायची औषधं मनाने नकोत.

झिंकची 20 मिलिग्रॅमची गोळी सहा महिन्यांवरच्या बाळाला रोज एक, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी, चमच्यात विरघळवून. पूर्ण 14 दिवस. तिसऱ्या दिवशी शी घट्ट झाली की बायका गोळी बंद करतात. ताई, नका करू. पुढच्या दोन-तीन महिन्यांत जुलाब परत लागू नयेत म्हणूनही ती असते.

दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर घरी बघत बसूच नका. मोठ्या बाळावरही लक्ष ठेवा: शीमध्ये रक्त, ताप, सारख्या उलट्या, डोळे किंवा टाळू खोल गेलेली, सहा तास लघवी नाही, पीत नाही, मलूल पडलंय, यातलं काहीही दिसलं तर दवाखाना. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडा. लगेच सपाट झाली तर ठीक. सावकाश बसली, तरी वाटेत चमच्याने ओआरएस पाजत दवाखाना गाठा.